बेल एपोकमधलं दुसरं वर्ष

कोरियन मालिका एकदा संपली की बहुतेकदा संपते. सहसा बारा, सोळा किंवा वीस भाग. एकच लेखक किंवा लेखिका सगळे भाग लिहिते, शेवटच्या भागात सगळ्यांचं काय झालं ते कळतं आणि नट पुढच्या कामाला लागतात. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी भेटणाऱ्या आपल्याकडच्या मालिकांची सवय असलेल्या प्रेक्षकाला याचं आधी नवल वाटतं आणि मग हेवा. 'रूड मिस यंगे'सारखी 2007 पासून पर्वामागून पर्वं रेटणारी मालिका तिथेही झाली, पण ती अपवादच. म्हणून 25 ऑगस्ट 2017 ला जेटीबीसी या वाहिनीने 'चॉन्गचुन शिदे' म्हणजे 'तारुण्याचा काळ' या मालिकेचं दुसरं पर्व सुरू केलं, तेव्हा ते त्या धंद्याच्या रिवाजाला सोडून होतं. त्यातून पहिल्या पर्वाचा टीआरपी काही डोळे दिपवणारा नव्हता. पण ज्यांनी ती पाहिली त्यांनी ती सोडली नाही, आणि त्यांच्या जोरावर मालिकेतलं घर पुन्हा उघडलं. नेटफ्लिक्समुळे ती आपल्याकडे 'हॅलो, माय ट्वेन्टीज!' या नावाने ठाऊक झाली. पुढच्या पानांत या दुसऱ्या पर्वाचे चौदा भाग एकेक करून येतील. त्याआधी हे घर कुणाचं, त्यात कोण राहतं आणि तिथे परत जाण्यात काय राम आहे, एवढं सांगण्यापुरती ही प्रस्तावना.

घराचं नाव 'बेल एपोक'. पहिल्या महायुद्धाआधीच्या सुखवस्तू काळाला फ्रेंच लोक देतात ते नाव, सोलमधल्या भाड्याच्या एका जुन्या घराला. लेखिका पार्क यॉनसॉन हिचा तिरकस विनोद इथूनच सुरू होतो. पहिलं पर्व जुलै-ऑगस्ट 2016 मध्ये झालं, बारा भागांचं, ली तेगॉन याच्या दिग्दर्शनात. पाच मुली एका छताखाली. युन जिनम्यंग सगळ्यांत मोठी. बाकीच्या तिला 'युन सनबे', म्हणजे युन सीनियर, म्हणतात. शिकवण्या, रेस्तराँ आणि रात्रपाळीचं दुकान यांच्यामध्ये ती झोप बसवते, कारण घरी तिचा भाऊ वर्षानुवर्षं कोमात आहे. जॉन्ग येउन नटवी, देवभक्त, आणि आपल्या मित्रापुढे स्वतःला पायपुसणं करून घेणारी. साँग जिवॉन मोठ्या आवाजाची, धादांत खोटं बोलणारी आणि सगळ्यांना हसवणारी. कांग इना पैसेवाल्या पुरुषांच्या मर्जीवर जगते आणि ते लपवतही नाही. आणि यू उनजे, गावाकडून पहिल्या वर्षाला आलेली, तोंडातून शब्द न फुटणारी मुलगी. जिवॉन एके रात्री सांगते की चपलांच्या कपाटापाशी मला भूत दिसतं. झालं! बाकीच्या प्रत्येकीला वाटतं, हे भूत आपलंच. कारण त्या प्रत्येकीच्या मनात कुणाचा तरी मृत्यू, किंवा कुणीतरी मरावं अशी इच्छा, दडवून ठेवलेली आहे. बारा भागांत एकेक गाठोडं उघडतं. कसलेल्या लेखिकेचं काम होतं ते. पार्क यॉनसॉनने त्याआधी 'अलोन इन लव्ह' (2006) या मालिकेत घटस्फोटानंतरही एकमेकांना भेटत राहणारं जोडपं लिहिलं होतं आणि 'व्हाइट ख्रिसमस' (2011) मध्ये बर्फात अडकलेल्या शाळकरी मुलांची थरारकथा. तरुणांची मैत्री आणि मृत्यूची सावली एकाच खोलीत ठेवण्याचा हात तिला आधीच बसलेला होता.

मराठी वाचकाला इथे 'दिल दोस्ती दुनियादारी' आठवेल, आणि आठवावीच. 2015 मध्ये झी मराठीवर आलेल्या त्या मालिकेतल्या घराचं नाव 'माजघर', तिथेही भाड्याने एकत्र राहणारी तरुण मुलं-मुली, तिथेही आईवडिलांपासून दूर उभारलेला संसार. गंमत पुढे आहे. 2017 मध्येच त्या चमूने 'दिल दोस्ती दोबारा' आणली. नट तेच, पण माणसं नवी आणि घराऐवजी 'खयाली पुलाव' नावाचं हॉटेल. म्हणजे चेहरे ठेवले आणि गोष्ट बदलली. कोरियन लेखिकेने उलट केलं. गोष्ट तीच ठेवली, माणसं तीच ठेवली, आणि एक चेहरा बदलावा लागला तर तोही पत्करला. उनजेचं काम करणारी पार्क हेसू दुसऱ्या पर्वात नाही. तिच्या जागी जिऊ ही नवी मुलगी आली. प्रेक्षकांना हे जड गेलं. मलाही पहिले दोन भाग तिच्याकडे पाहताना परकं वाटत होतं. पण भूमिका गाळण्याऐवजी नटी बदलण्याचा निर्णय बरोबर होता असं मी म्हणेन, कारण या पर्वाला उनजे हवीच होती. तिचं पहिलं प्रेम पहिल्या पर्वात जुळलं होतं. ते मोडल्यावर काय होतं हे दाखवल्याशिवाय लेखिकेला पुढे जायचं नव्हतं.

दुसऱ्या पर्वाचा सगळा रोख तिथे आहे: 'नंतर' काय. पहिल्या पर्वाने रहस्यं उलगडली, दुष्टाला पकडलं, भावाचं दुखणं संपलं, प्रेम जुळलं. एरवी मालिका इथे हात झटकते. या लेखिकेने एक वर्ष जाऊ दिलं आणि परत येऊन विचारलं, आता कशा आहात?

येउनचं उत्तर सगळ्यांत कठीण आहे. पहिल्या पर्वात तिच्या मित्राने, गो दूयंगने, तिला कोंडून ठेवलं, मारलं. घरातल्या मुलींनीच तिला सोडवलं. त्या वेळी प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या असतील. दुसऱ्या पर्वात आपल्याला दिसते ती वर्षभर कॉलेजातून सुट्टी घेतलेली, केस आणि कपडे बदललेली, अनोळखी पुरुष जवळ आला की अंग चोरणारी मुलगी. ती घराबाहेर पडते ती मैत्रिणींच्या सोबतीने. वर्गात परतल्यावर कुजबुज सुरू होते, आणि ती तिच्याविषयी असते, त्याच्याविषयी नसते. मग फोनवर धमकीचे संदेश यायला लागतात. कोण पाठवतं हे मी सांगणार नाही, एवढंच सांगते की उत्तर कळल्यावर राग येण्याआधी पोटात खड्डा पडतो. दिग्दर्शकाने या सगळ्यात कुठे पार्श्वसंगीताचा गहिवर आणलेला नाही. येउनचं काम करणारी हान सुंगयॉन ही 'कारा' या गाजलेल्या गायिकांच्या चमूतली. नाचगाण्यातून अभिनयात आलेल्यांकडे तिथेही जरा संशयानेच पाहतात. या चौदा भागांत तिने तो संशय पुसला. हसताना मध्येच हसू विसरण्याची तिची जी लकब आहे, ती कुठल्या शाळेत शिकवता येत नाही.

इथे थोडी कोरियाची पार्श्वभूमी हवी. 17 मे 2016 ला सोलच्या गंगनम स्टेशनजवळ एका सार्वजनिक स्वच्छतागृहात एका अनोळखी पुरुषाने एका तरुणीचा खून केला. ती स्त्री आहे, एवढंच कारण त्याला पुरलं होतं. स्टेशनच्या दहा नंबरच्या दारावर हजारो बायकांनी चिकटचिठ्ठ्या लावल्या. आज ती, उद्या मी, असा त्यांचा सूर होता. पहिलं पर्व त्यानंतर दोन महिन्यांनी सुरू झालं. मालिका त्या घटनेवर बेतलेली नाही, पण ती पाहणाऱ्या मुली तो उन्हाळा जगत होत्या. आणि येउनला येणाऱ्या त्या संदेशांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी: 2017 मध्ये दक्षिण कोरियात पाठलाग करणाऱ्याला शिक्षा देणारा स्वतंत्र कायदाच नव्हता. किरकोळ गुन्ह्याचा चिरीमिरी दंड, बस्स. तो कायदा लागू झाला ऑक्टोबर 2021 मध्ये. त्यामुळे पडद्यावर येउनच्या मैत्रिणी पोलिसांवर विसंबून न राहता स्वतःच शोध घ्यायला निघतात, तो पटकथेचा भाबडेपणा नव्हे.

दुसरा जड धागा जिवॉनचा. पहिल्या पर्वात तिला स्वतःचं दुखणं नव्हतं. ती दुसऱ्यांच्या दुखण्यात हसू आणायची. हिला काय झालंय, असं कुणी विचारलं नाही, आणि लेखिकेने नेमकं तेच दुसऱ्या पर्वासाठी राखून ठेवलं होतं. लहानपणची एक मैत्रीण, ह्योजिन नावाची, आणि प्राथमिक शाळेतला एक चित्रकलेचा शिक्षक. जिवॉनच्या आठवणीत त्या दिवसांपाशी भोक आहे. ती इतकं खोटं का बोलते, याचं उत्तर त्या भोकात आहे. शिक्षक आता नावाजलेला आहे, मैत्रीण जिवंत नाही आणि जिवॉनकडे पुरावा म्हणून आहे ती फक्त तिची स्मृती, तीही खोटं बोलण्यात पटाईत म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुलीची. यापेक्षा वाईट साक्षीदार कोण असेल? लेखिकेचा हा डाव मला या पर्वातला सगळ्यांत हुशार वाटतो. जिच्यावर विश्वास ठेवणं सगळ्यांत अवघड, तिच्या तोंडून खरं बोलवून घ्यायचं. त्यात कोरियन कायद्यात खरं बोलूनही बदनामीचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. सांगितलेली गोष्ट खरी असली तरी दोन वर्षांपर्यंतची कैद लिहिलेली आहे. हे ठाऊक असेल तर जिवॉनच्या बोलण्यातला धोका कळतो.

मालिकेचा शेवटचा भाग 7 ऑक्टोबर 2017 ला दाखवला गेला. त्याच्या दोनच दिवस आधी अमेरिकेत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हार्वी वाइनस्टीनवरच्या लैंगिक छळाच्या आरोपांची बातमी छापली होती. पुढे 29 जानेवारी 2018 ला सरकारी वकील सो जिह्यन यांनी याच जेटीबीसीच्या रात्रीच्या बातम्यांत बसून आपल्या वरिष्ठाने केलेल्या छळाबद्दल सांगितलं आणि कोरियात 'मी टू'चा बांध फुटला. मालिकेने भविष्य सांगितलं वगैरे म्हणणं उथळपणा होईल. लेखिकेला जे दिसत होतं ते अनेकींना दिसत होतं, तिने ते शुक्रवार-शनिवारच्या रात्री करमणुकीच्या वेळेत ठेवलं, इतकंच. पण ती तारीखवार जुळणी पाहिली की जिवॉनची गोष्ट ठिगळ वाटत नाही.

पार्क उनबिनने जिवॉन केली आहे. 2022 मधली 'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू' पाहून तिच्या प्रेमात पडलेले मराठी प्रेक्षक पुष्कळ असतील. त्यांनी ही जिवॉन आवर्जून पाहावी. तिथली वकील मोजून-मापून बोलते. इथली मुलगी दारू पिऊन घरभर नाचते, मुलांवर नजर ठेवते आणि तिच्यावर कुणी भाळत नाही म्हणून गळा काढते. दोन्ही एकाच नटीने केल्यात हे पटायला वेळ लागतो. 2023 च्या बेकसांग पुरस्कारांत दूरचित्रवाणीचा सर्वोच्च मान तिला मिळाला, तेव्हा जुन्या प्रेक्षकांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

जिनम्यंगचा धागा हलका आहे, पण मला तो सर्वांत जवळचा वाटतो. पहिल्या पर्वात ती तासाच्या हिशेबाने जगत होती. 2016 मध्ये तिथलं किमान वेतन तासाला 6,030 वॉन होतं, 2017 मध्ये 6,470. एवढ्या पैशांत एक बरं जेवण. दुसऱ्या पर्वात तिला अखेर कायमची नोकरी मिळाली आहे, एका मनोरंजन कंपनीत. आणि पहिलं मोठं काम काय, तर 'अ‍ॅसगार्ड' नावाच्या, कुणी न ऐकलेल्या गायकांच्या चमूला करार संपल्याची नोटीस देणं. नॉर्स देवांची नावं घेतलेली ही पोरं, त्यातला हाइमडाल ऐकायलाच तयार नाही. तो रोज येऊन उभा राहतो. आमचं काय चुकलं, असं विचारतो. ज्या मुलीला काल दुकानाचे मालक दाराबाहेर उभं करत होते, ती आज दाराच्या आतल्या बाजूला आहे. कोरियन पॉप म्हटलं की आपल्याला भरलेली स्टेडियमं दिसतात. सात वर्षांचे करार, शाळकरी वयापासूनचा सराव आणि शेवटी एक पाकीट हातात, असा शेवट होणारी मुलं त्या झगमगाटाच्या मानाने कितीतरी जास्त आहेत. हान येरी ही नटी पारंपरिक कोरियन नृत्य शिकलेली. पुढे 'मिनारी' (2020) या चित्रपटात ती जगाला दिसली. चेहऱ्यावरची रेघ न हलवता लाज, दया आणि थकवा तिन्ही दाखवायचे कसे, हे हाइमडालसमोरच्या तिच्या दृश्यांत पाहावं.

उनजेबद्दल वर थोडं आलंच. मानसशास्त्र शिकणारी ही मुलगी स्वतःच्या मनापुढे हतबल आहे. तिला सोडून गेलेला जॉन्गयॉल वाईट मुलगा नाही, त्याने फसवलं नाही. त्याचं प्रेम संपलं. खलनायक नसलेला प्रेमभंग आपल्या मालिकांत जवळजवळ दिसत नाही. उनजे त्याच्या मागे लागते, हसं करून घेते, मैत्रिणी तिच्यासोबत शिव्या देतात आणि चार दिवसांनी कंटाळतातही. हा कंटाळा दाखवण्याचं धाडस मला आवडलं.

आता राहिली नवी भाडेकरू. कांग इना घर सोडून गेली, ओझरती भेटून जाते. तिच्या खाटेवर येते जो उन: ताडमाड उंच, आखूड केसांची, सगळ्यांकडे संशयाने पाहणारी. हे काम चोई आरा या मॉडेलने केलं आहे. जो उन या घरात आली आहे ती एक पत्र घेऊन. त्यात कुणीतरी कुणाला तरी मनापासून शाप दिला आहे, आणि पत्ता या घराचा आहे. या घरातल्या मुलींपैकी ही शापित कोण, हा दुसऱ्या पर्वाचा रहस्याचा दोर. पहिल्या पर्वातल्या भुताशी त्याचं नातं लगेच ध्यानात येतं: पुन्हा प्रत्येकीला वाटू लागतं, पत्र मलाच लिहिलेलं असणार. मी कुणाचं काय वाईट केलं? पहिल्यांदा प्रश्न होता आपण काय सोसलं याचा. आता प्रश्न आहे, आपल्यामुळे कुणी काय सोसलं.

तक्रारी नाहीत असं नाही. पत्राचा दोर मध्ये फार ताणला आहे. सहाव्या-सातव्या भागाच्या आसपास लेखिकेलाच त्याची आठवण करून द्यावीशी वाटते. घरमालकिणीचा नातलग जांगहून आणि जो उन यांचं प्रेम गोड आहे, पण जिवॉनच्या गोष्टीशेजारी ते कधी कधी शेजारच्या मालिकेतून आल्यासारखं वाटतं. थरारपटाच्या अंगाने जाणारी काही दृश्यं मला अनावश्यक वाटली. आणि इनाची उणीव भासते ती भासतेच. घरात पैशांविषयी उघड बोलणारी ती एकटी होती.

पैशांवरून घराकडे. सोलमध्ये भाड्याने राहायचं म्हणजे एक तर 'जॉन्से', म्हणजे मोठी रक्कम ठेव म्हणून द्यायची आणि दरमहा भाडं द्यायचं नाही. मुंबईकरांना 'हेवी डिपॉझिट' माहीत आहे, साधारण तेच. नाही तर थोडी अनामत आणि दरमहा भाडं. दोन्ही न परवडणाऱ्या विद्यार्थ्याला उरतात 'गोशिवॉन' नावाच्या खोल्या, जिथे खाट आणि टेबल मावलं की दार लावायचं. या पर्यायांच्या मध्ये बेल एपोकसारखी सामायिक घरं आली. तिथे मुली मैत्री करायला येत नाहीत, भाडं वाटून घ्यायला येतात. शीतकपाटात प्रत्येकीचा खण वेगळा, डब्यांवर नावं, कचरा कुणी काढायचा यावरून चिठ्ठ्या. सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसवर दिवस काढलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. त्या हिशेबी सोबतीतून पुढे जे तयार होतं, त्याला लेखिका कुठेही 'कुटुंब' म्हणत नाही. भांडण झालं की त्या दारं आपटतात, आणि एकीला रात्री बाहेरून यायला उशीर झाला की उरलेल्या चौघी जाग्या असतात. तेवढंच ती दाखवते.

त्या काळात तिथले तरुण आपल्या देशाला 'हेल जोसॉन', नरकाचं राज्य, म्हणत होते. प्रेम, लग्न आणि मूल या तिन्हींवर पाणी सोडलेली पिढी अशी एक ओळखही रूढ झाली होती. दोन पर्वांच्या मधल्या वर्षात लाखो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले, मार्च 2017 मध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युनहे यांची पदच्युती झाली. मालिकेत यातलं काहीच थेट येत नाही. पण पहिल्या पर्वातल्या मुली सोसत होत्या आणि दुसऱ्या पर्वातल्या मुली बोलायला उठतात, हा फरक निव्वळ योगायोगाचा नसावा, असं मला वाटतं.

वाचकाला दोन-तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिलं पर्व पाहिलं नसेल तर आधी ते पाहा. येउनची भीती आणि जिनम्यंगचं मौन त्याशिवाय कळणार नाही. डब केलेला आवाज मिळाला तरी मूळ आवाज आणि खाली उपशीर्षकं असंच पाहावं, कारण जिवॉनचा अर्धा विनोद तिच्या आवाजात आहे. शिक्षकाचा धागा ज्यांना जवळून दुखावू शकेल त्यांनी शेवटचे चार भाग एकट्याने रात्री पाहू नयेत. पुढच्या पानांत त्या-त्या भागाचा शेवट उघड केलेला आहे, म्हणून आधी भाग पाहावा, मग पान उलटावं. आणि श्रेयनामावली सुरू झाली की उठू नका. काही महत्त्वाच्या गोष्टी लेखिकेने तिच्यानंतर ठेवल्या आहेत. तिसरं पर्व आलेलं नाही.